ईआरपी आणि पीडीएफ एकाच सर्चबॉक्समधून शोधायचे असतील तर जोड कुठे करायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला. पंप बनवणारी कंपनी, ईआरपीचा (ग्राहक, पंप, वॉरंटी असा कंपनीचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, सर्व्हिस रिपोर्ट, टेस्ट सर्टिफिकेट आणि ग्राहकांच्या ईमेल धरून चारेक लाख फाइली फाइल सर्व्हरवर, आणि वरच्या साहेबांना एकच सर्चबॉक्स हवाय, ज्यात "मेकॅनिकल सील गळतंय अशी तक्रार आलेले, वॉरंटी चालू असलेले, पश्चिम विभागातले पंप" असं टाकलं की सरळ यादी यावी. तुम्ही विचारताय की इलास्टिकसर्च हे सर्च इंजिन आणावं, पोस्टग्रेसमध्येच भागवावं, की तयार एंटरप्राइझ सर्च प्रॉडक्ट विकत घ्यावं. मी बरीच वर्षं अशीच सिस्टिम बांधण्याचं आणि दुसऱ्यांनी बांधलेली दुरुस्त करण्याचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रॉडक्टची नावं बाजूला ठेवू आणि तो प्रश्नच नीट बघू. "वॉरंटी चालू आहे का" आणि "पश्चिम विभाग आहे का" याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं, ते डेटाबेसचं काम. "सील गळतंय" हे मात्र कुणी "सील लीकेज" लिहिलंय, कुणी "शाफ्टकडून पाणी येतंय", कुणी नुसतं "ग्लँड चेक केली, थेंब थेंब चालू", तर इथे उत्तर कमीजास्त असतं, कुठला रिपोर्ट किती जवळचा आहे असं, आणि ते सर्च इंजिनचं काम. दोन्ही आपापल्या जागी उत्तम चालतात. डोकेदुखी सुरू होते ती या दोन उत्तरांची जोड लावताना, म्हणजे एसक्यूएलच्या भाषेत जॉइन. ती जोड नेमकी कुठे होणार हे ठरलं की प्रॉडक्ट कुठलं घ्यायचं ते बरंचसं आपोआप ठरतं, आणि ते न ठरवता प्रॉडक्ट घेतलं की ती जोड शेवटी तुमच्या ॲप्लिकेशन कोडमध्ये येऊन पडते, जी सगळ्यात वाईट जागा आहे.

वाईट का ते सांगतो, कारण नवीन टीम पहिल्यांदा हेच करते. सर्च इंजिनला "सील गळती" विचारायचं, आयडी घ्यायचे आणि डेटाबेसमध्ये "आयडी या यादीत असेल" म्हणून दुसरी क्वेरी टाकायची. डेमोला छान चालतं. मग खरा डेटा येतो. सर्चने पहिले हजार रिपोर्ट दिले, त्यातले वॉरंटीतले आणि पश्चिम विभागातले उरले सात, आणि हजाराच्या पलीकडे असे अजून दोनशे होते ते कुणाला दिसलेच नाहीत. बरं, हजाराऐवजी सगळेच आणू म्हटलं तर इलास्टिकमध्ये साध्या पेजिंगची मर्यादा मुळात १०,००० रिझल्टची असते. उलट बाजूने जाऊन डेटाबेसमधून वॉरंटीतले सगळे सिरियल नंबर काढून सर्चला फिल्टर म्हणून दिले तर एका टर्म्स क्वेरीत ६५,५३६ व्हॅल्यू हीच डिफॉल्ट हद्द. दोन्ही सेटिंग वाढवता येतात, पण त्या मर्यादा मेमरी वाचवायला ठेवलेल्या आहेत, नुसत्या वाढवत गेलात तर क्लस्टर (इलास्टिक चालवणारे सर्व्हर) बसतं. आणि पान दोन, पान तीन, एकूण किती सापडले हे आकडे तर या पद्धतीत कधीच खरे येत नाहीत. सर्व्हिस हेडने एकदा आकडा क्रॉसचेक केला आणि जुळला नाही की त्या सर्चबॉक्सवरचा विश्वास गेला म्हणून समजा.

दुसरा रस्ता म्हणजे सगळं सपाट करून सर्च इंजिनमध्येच टाकणं. प्रत्येक रिपोर्टच्या डॉक्युमेंटमध्ये ग्राहकाचं नाव, विभाग, पंपाचं मॉडेल, वॉरंटीची तारीख कोंबायची, म्हणजे जॉइन लागतच नाही. हे भरपूर ठिकाणी चालतं आणि मी स्वतःही केलंय, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, ल्युसीन (इलास्टिक, ओपनसर्च आणि सोलर तिन्ही यावरच उभे आहेत) डॉक्युमेंट जागेवर बदलत नाही, जुनं डिलीट मारून नवीन लिहितं, त्यामुळे एखाद्या मोठ्या ग्राहकाचा विभाग पश्चिमेतून दक्षिणेत गेला की त्याचे सगळे रिपोर्ट परत इंडेक्स करावे लागतात, ओसीआरचा (स्कॅनच्या चित्रातून मशीनने वाचून काढलेला) सगळा मजकूर धरून. दोन, यादीतल्या वस्तू सपाट केल्या की कोणाचं काय हे हरवतं. एका रिपोर्टमध्ये "सील, ठीक" आणि "बेअरिंग, खराब" अशा दोन ओळी असतील तर साध्या मॅपिंगमध्ये पार्ट आणि स्थिती वेगवेगळ्या ढिगात जातात, आणि "सील" व "खराब" विचारलं की हा रिपोर्टसुद्धा येतो. सील तर ठणठणीत होतं! यावर नेस्टेड फील्ड हा उपाय आहे आणि तो बरोबर काम करतो, फक्त प्रत्येक ओळ आतून एक वेगळं लपलेलं डॉक्युमेंट होते म्हणून इंडेक्स फुगतं आणि क्वेरी लिहायला किचकट होते. अलीकडे ईएसक्यूएल या इलास्टिकच्या पाईपवाल्या भाषेत लुकअप जॉइनही आलंय, पण जे इंडेक्स जोडायचं ते एकाच शार्डचं (तुकड्यांत न विभागलेलं) असावं लागतं, म्हणजे ग्राहक मास्टर किंवा पार्ट मास्टर अशा आटोपशीर टेबलांना ते ठीक आहे.

तिसरा रस्ता, मजकूर डेटाबेसमध्येच आणायचा. पोस्टग्रेसच्या गाभ्यात फुलटेक्स्ट सर्च २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून आहे, ओलेग बार्टुनोव आणि तेओदोर सिगाएव यांच्या टीसर्च-टू मधून आलेलं, आणि त्याचा जिन इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, शब्द आणि तो कुठल्या कुठल्या ओळीत आहे. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्येही आपापली अशीच सोय फार जुनी आहे. इथे जॉइन खरा जॉइन असतो, मोजणी खरी येते, ट्रान्झॅक्शन एकच, आणि रिपोर्ट सेव्ह केला की पुढच्या क्वेरीला दिसतो. तुमच्या आकाराला, म्हणजे चारेक लाख फाइलींना, मी सुरुवात इथूनच करेन. पण याच्या अडचणी लोक सांगत नाहीत, त्या सांगतो.

एका टीएसव्हेक्टरची (पोस्टग्रेस शोधासाठी मजकूर ज्या रूपात ठेवतं ते) मर्यादा १ एमबीच्या आत आहे, त्यामुळे जाडजूड मॅन्युअल टाकलं की थेट एरर येतो. आणि शब्दाची जागा १६,३८३ पर्यंतच मोजली जाते, त्यापुढचे सगळे शब्द त्याच जागेवर आहेत असं धरलं जातं आणि एररसुद्धा येत नाही, नुसतं फ्रेज सर्च (लागोपाठचे शब्द शोधणं) चुकत जातं. म्हणून पीडीएफच्या एका पानाला एक ओळ असं टेबल करा. त्याचा अजून एक फायदा म्हणजे रिझल्टवर क्लिक केलं की थेट ते पान उघडता येतं, ज्याच्यावर सर्व्हिसवाले खूश असतात. दुसरी अडचण रँकिंगची. पोस्टग्रेसचं टीएस-रँक एखादा शब्द एकूण किती कागदांत आहे ते बघतच नाही, फक्त समोरच्या कागदात तो किती वेळा आणि किती जवळजवळ आहे ते बघतं. तुमच्याकडे "पंप" हा शब्द जवळपास प्रत्येक पानावर असणार, तो किती वेळा आला याला काडीची किंमत नको, तरी इथे ती मिळते. ल्युसीनमध्ये २०१६ च्या ६.० पासून डिफॉल्ट असलेलं बीएम२५ हे रँकिंगचं सूत्र नेमकं हेच सांभाळतं, सगळीकडे असलेल्या शब्दाचं वजन उतरवतं. पोस्टग्रेसमध्येच बीएम२५ हवं असेल तर पॅराडीबीचं पीजी-सर्च एक्स्टेंशन आहे, पण डेटाबेस क्लाउडवर मॅनेज्ड असेल तर ते तिथे चालवू देतात का हे आधी बघून घ्या.

आता तयार प्रॉडक्टबद्दल. "सर्च आणि डेटाबेस एकत्र" ही कल्पना अजिबात नवीन नाही. नॉर्वेच्या फास्ट कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी २००७ मध्ये अमेरिकेत ॲटिव्हिओ काढली, तिच्या इंजिनचा मुख्य मुद्दाच हा होता की डेटाबेसची टेबलं आणि कागदपत्रं एकाच इंडेक्समध्ये ठेवायची, पण सपाट न करता, आणि जोड क्वेरीच्या वेळी लावायची. इंजिनिअरिंगच्या नजरेने बघितलं तर विचार अगदी बरोबर, वर सांगितलेला ग्राहकाचा विभाग बदलण्याचा त्रास त्यात मुळातच येत नाही. पण पुढे काय झालं बघा. फास्ट २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, एंडेका २०११ मध्ये ओरॅकलने, ॲटिव्हिओ २०१९ मध्ये सर्व्हिसनाऊने. या क्षेत्रातलं चांगलं प्रॉडक्ट बहुतेक वेळा मोठ्या कंपनीच्या पोटात जातं आणि मग त्या कंपनीला जे हवं त्या दिशेने वळतं. विकत घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, शेअरपॉइंट, जिरा, सॅप, मेल असे पंधरावीस सोर्स असतील तर तयार कनेक्टर आणि त्यांच्या परवानग्यांचं मॅपिंग यासाठी पैसे मोजणं योग्यच आहे, ते घरी बांधत बसू नका. तुमच्याकडे सोर्स दोनच आहेत, ईआरपी आणि फाइल सर्व्हर, ईमेलसुद्धा फाइल म्हणूनच ठेवलेल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी मी तरी घेणार नाही. आणि घेतलंच तर ओसीआर केलेला मजकूर आणि तुम्ही लावलेले दुवे साध्या स्वरूपात परत बाहेर काढता येतील अशी अट करारात घाला.

हे जे "दुवे" म्हणालो, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जाणार आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. कुठलंही इंजिन घ्या, "हा पीडीएफ त्या पंपाचा" हे मशीनला माहीत नसेल तर जोड लागणार कशी? रिपोर्टवर सिरियल नंबर असतो, पण कधी हाताने लिहिलेला, कधी अर्धवट, कधी शून्याच्या जागी ओ. यासाठी वेगळं टेबल करा: डॉक्युमेंट, पान, सापडलेला नंबर जसाच्या तसा, ईआरपीतला जुळलेला पंप, आणि जुळणी कशी झाली (नेमकी, अंदाजाने, की माणसाने बघून). अंदाजाने जुळलेल्या ओळी सर्व्हिस ऑफिसमधल्या जुन्या माणसाकडून तपासून घ्या, तो नंबर बघून सांगतो की ही सिरीज अमुक प्लँटची. हे टेबल तुमची खरी मालमत्ता आहे. उद्या सर्च इंजिन बदललं तरी ते राहतं.

मॉडेल नंबर आणि पार्ट नंबर फुलटेक्स्टच्या भरवशावर सोडू नका. पोस्टग्रेसचा पार्सर ४०-१६० असं दिसलं की ४० आणि उणे १६० असे दोन आकडे करतो, मग नुसतं १६० शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. असे नंबर वेगळ्या कॉलममध्ये, डॅश आणि स्पेस काढून, पीजी-ट्रायग्राम इंडेक्स (तीनतीन अक्षरांच्या तुकड्यांवरून शोधणारा) लावून ठेवा.

तुमचे बरेचसे सर्व्हिस रिपोर्ट मराठीत आहेत असं लिहिलंय, त्यावर जरा थांबतो कारण याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही. पोस्टग्रेस १४ मध्ये हिंदीचं स्टेमर (प्रत्यय काढून मूळ शब्द देणारं) आलं, मराठीचं नाही. म्हणजे "पंपाला", "पंपातून", "पंपाचं" हे त्याच्या दृष्टीने तीन वेगळे शब्द. हिंदीचं स्टेमर मराठीला लावू नका, आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्दाचं सामान्यरूपही होतं, त्याला ते कळत नाही. मी काय करतो तर सिंपल कॉन्फिगरेशन (शब्दाचे प्रत्यय न काढणारं) ठेवतो, शोधताना शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवणी चालू करतो, आणि सोबत धंद्यातल्या शब्दांची समानार्थी यादी लावतो: गळती, लीकेज, लीक, पाणी येतंय, ठिबकतंय. ही यादी आयटीवाल्याने बसून करायची नाही, फिटरच्या शेजारी बसून करायची. शिवाय इंडेक्स करायच्या आधी मजकूर एकसारखा करा: मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे एकच करायचे, आणि "ॲ" हे एक अक्षर म्हणून आणि अ वर चंद्र देऊन असं दोन प्रकारे टाइप होतं, दिसायला सारखं असलं तरी कोड वेगळे आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही, तेव्हा ते स्वतः करावं लागतं. जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतील तर पीडीएफमधून मजकूर काढला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते, अशांना फाँट कन्व्हर्टर लावा किंवा पानाची इमेज करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने ओसीआर करा, त्यात मराठीचं मॉडेल आहे. स्कॅन बरा असेल तर छापील मजकूर कामापुरता निघतो, हस्ताक्षरासाठी मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

परवानग्या. हा विषय शेवटी ठेवतात आणि मग सगळं परत बांधतात. विभागाच्या माणसाला दुसऱ्या विभागाच्या तक्रारी दिसायच्या नसतील तर नुसती रिझल्टची यादी गाळून भागत नाही, कारण बाजूला "दक्षिण विभाग (४३)" असा फिल्टरचा आकडा दिसला तरी माहिती बाहेर गेलीच, रिझल्टखालच्या दोन ओळींच्या उताऱ्यातूनही जाते. गाळणी शोधाच्या आत लागली पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात ते डेटाबेसमध्येच ठरवणं) आहे आणि तुम्ही साहजिकच ती वापराल, पण फुलटेक्स्ट जुळवणीचं ऑपरेटर लीकप्रूफ (लपवलेल्या ओळींची माहिती बाहेर जाऊ न देणारं) म्हणून नोंदलेलं नाही, त्यामुळे ती सिक्युरिटी चालू केली की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) ती अट जिन इंडेक्सवर चालवत नाही आणि कालपर्यंत चटकन येणारी क्वेरी अचानक रांगू लागते. यावर मी करतो ते असं, की युजरला टेबल थेट देत नाही, टेबलमालकाच्या हक्काने चालणारं एकच फंक्शन देतो आणि विभागाची अट त्या फंक्शनमध्ये स्पष्ट लिहितो. इलास्टिककडे गेलात तर डॉक्युमेंट पातळीची सुरक्षा पैसे भरलेल्या लायसन्समध्ये येते, ओपनसर्चमध्ये ती सिक्युरिटी प्लगइनसोबत मिळते.

पुढे कधी वेगळं सर्च इंजिन लागलंच तर ते कधी लागतं हेही सांगतो. रँकिंगबद्दल लोक खरोखर तक्रार करायला लागले, टाइप करता करता सुचवणं, चुकीचं स्पेलिंग दुरुस्त करणं, भरपूर फिल्टरचे आकडे एकदम दाखवणं हे हवं झालं, किंवा सर्चचा लोड ईआरपीला जड व्हायला लागला, की वेगळं काढा. त्यातल्या शेवटच्या कारणासाठी आधी रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचायची प्रत) लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आणि वेगळं काढलं तरी खरं काय ते पोस्टग्रेसमध्ये, इंडेक्स हे त्यावरून केव्हाही पुसून परत बांधता येईल असंच ठेवा. ॲप्लिकेशनमधून दोन्हीकडे लिहू नका, एक लिहिलं गेलं आणि दुसरं फेल झालं तर कुणालाच कळत नाही. बदल डेटाबेसच्या लॉगमधूनच उचला, डेबेझियम हे काम करतं. फक्त एक सावधगिरी, हे टूल बंद पडलं तर त्याचा रेप्लिकेशन स्लॉट (लॉग कुठपर्यंत वाचला याची डेटाबेसमधली खूण) जुने लॉग पुसू देत नाही आणि डिस्क भरून अख्खी ईआरपी थांबू शकते. पोस्टग्रेस १३ पासून त्यावर कमाल मर्यादा घालायची सेटिंग आहे, पण ती मुळात अमर्याद असते, तेव्हा पहिल्याच दिवशी ती घाला आणि स्लॉट किती मागे पडलाय यावर अलार्म लावा. मर्यादा ओलांडली तर स्लॉट निकामी होईल आणि इंडेक्स परत बांधावं लागेल, पण कारखाना चालू राहील. आणि इलास्टिकमध्ये नवीन डॉक्युमेंट डिफॉल्टने साधारण १ सेकंदाने शोधात दिसतं, म्हणून सेव्ह केल्याबरोबरचं पान डेटाबेसमधूनच दाखवा.

एआयबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. व्हेक्टर सर्चने (अर्थाच्या जवळिकीवरून शोधणं) "थेंब थेंब चालू" आणि "गळती" जवळ येतात, ते उपयोगी आहे, पीजीव्हेक्टर या एक्स्टेंशनने पोस्टग्रेसमध्येच होतं. पण वर पहिल्या रस्त्यात जी अडचण सांगितली तीच इथे परत येते: त्याचा एचएनएसडब्ल्यू नावाचा इंडेक्स आधी जवळचे उमेदवार काढतो, डिफॉल्ट ४०, आणि फिल्टर नंतर लागतो, म्हणजे दहा टक्के पंप वॉरंटीत असतील तर हातात येतात सरासरी ४. पीजीव्हेक्टर ०.८ मध्ये पुरेसे सापडेपर्यंत पुढे शोधत राहायची सोय आलीय, ती मुद्दाम चालू करावी लागते. मराठी वाक्याचं एसक्यूएल करून देणारं मॉडेल लावायचं असेल तर बनवलेले फिल्टर युजरला समोर दिसू द्या, "वॉरंटी: चालू, विभाग: पश्चिम, मजकूर: सील गळती", म्हणजे चुकलं तर तोच दुरुस्त करेल.

तुमच्या जागी मी असतो तर कोड लिहायच्या आधी सर्व्हिस, क्वालिटी आणि डिस्पॅच या तिघांकडून गेल्या महिन्यात त्यांनी फोन करून किंवा फाइली उपसून शोधलेले खरे प्रश्न लिहून घेतले असते, प्रत्येकाचं बरोबर उत्तर त्यांच्याकडूनच घेऊन. मग त्यातल्या किती प्रश्नांना खरंच जोड लागते ते मोजा. काही ठिकाणी असं निघतं की बहुतेकांना फक्त सिरियल नंबर टाकून त्याचे सगळे कागद हवे असतात, आणि त्याला वरचं दुव्यांचं टेबल आणि एक साधा स्क्रीन पुरतो. तुमच्याकडे काय निघतं ते कळवा, सोबत पोस्टग्रेसची आवृत्ती, तो स्वतःच्या सर्व्हरवर आहे की क्लाउडवर, आणि फाइलींपैकी स्कॅन केलेल्या अंदाजे किती ते लिहा, म्हणजे टेबलांची रचना आणि इंडेक्स नेमके कसे करायचे ते सांगता येईल.